सुट्टे पैसे खर्चण्याआधी मिनिटभर चाळा

संग्रहाजोगी नाणी आणि नोटा रोज हातातून जातात, पण सुट्टे न बघताच खिशात जातात. म्हणून दिवसभराचे सुट्टे रात्री एका वाटीत ओता आणि आठवड्यातून एकदा उजेडात बघा.

१. आधी चित्र. शिवाजी महाराजांचं १९९९ चं अकरा बाजूंचं दोन रुपयांचं नाणं, बाबासाहेबांचा १९९० चा रुपया, टिळकांचं २००७ चं पाच रुपयांचं नाणं. जुनी आहेत, पण गल्ल्यात अजून नजर ठेवावी.

२. मग सालाखालची खूण. पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण मुंबईच्या टांकसाळीची, चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. खूण नसेल तर कोलकाता. एकाच सालाची चारही जमवण्यात खरी मजा! झिजलेल्या नाण्यावर ठिपका आणि चौकट सारखेच दिसतात, तेव्हा मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा.

३. नोटेचा फक्त नंबर. सुरुवातीची अक्षरं आणि आकडे यांच्या मधे चांदणी असेल तर ती सदोष नोटेच्या बदल्यात छापलेली. नोट अस्सलच असते. सहाही आकडे सारखे किंवा उलटसुलट सारखेच असतील तर तीही बाजूला काढा, पण कोरी असेल तरच. चुरगळलेली खुशाल भाजीवाल्याला द्या.

जास्त नाणी हवी असतील तर किराणा दुकानदाराला नोट देऊन सुट्टे मागा.

नाणं चिंचेने घासू नका, किंमत जाते. आणि ‘जुन्या नोटेचे लाखो देतो, आधी फी भरा’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या.