शिळ्या पोयांचा चुरा घालून भाजलेल्या नूडल्स

चार-पाच जणांचं पोट भरायला 200 ग्रॅम साध्या नूडल्स पुरतात. खर्च वाढतो तो चीजमुळे, म्हणून ते मूठभरच घ्या आणि वरच्या थरासाठी पोदेराकडच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडच्या, उरलेल्या पोया (कोंड्याचे गोल पाव) वापरा. पोई कालची चालेल, पण पावसाळ्यात तिला लवकर बुरशी येते, तेव्हा आधी नीट बघून घ्या. तव्यावर कडक करून हातानेच चुरा, मिक्सरमध्ये पीठ होतं. त्यात दोन चमचे तेल आणि ठेचलेली लसूण कालवा.

नूडल्स पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा दोन मिनिटं कमी उकडा. हे फार महत्त्वाचं! भट्टीत त्या सॉस पितात, आधीच मऊ झाल्या तर लगदा होतो. सॉससाठी दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा मंद आचेवर परता, कच्चा वास गेला की अर्धा लिटर दूध थोडं थोडं घालत ढवळा. कढीइतका पातळ ठेवा, घट्ट झाला तर भाजल्यावर सगळं कोरडं पडतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जी भाजी स्वस्त मिळेल ती परतून नूडल्स आणि सॉसमध्ये मिसळा. भोपळा मला सगळ्यात आवडतो, मुलंही मुकाट्याने खातात. चोरिस (गोव्याचं मसालेदार डुकराचं सॉसेज) असेल तर त्याच्या माळेतले एकदोन मणी पुरे, त्याच्या सुटलेल्या चरबीतच कांदा परता आणि मीठ हात राखून घाला.

वर चीज, त्यावर चुरा. 180 अंशांवर 25 मिनिटं. कडेने बुडबुडे दिसले की काढा, दहा मिनिटांनी वाढा.