लाल दिवा लागला की पुढच्या ढाब्यापर्यंतही नको

चावी ‘ऑन’वर फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. मीटरवरचे इशाऱ्याचे दिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झालं की काही सेकंदांत विझतात. एखादा दिवा आधी लागलाच नाही, तर त्याचा बल्ब किंवा वायरिंग गेलेलं असू शकतं. तो बिघाड झाला तरी तुम्हाला कळणार नाही, म्हणून हेही गॅरेजला सांगा. लाल म्हणजे आत्ता थांबा (बॅटरीचा दिवा तेवढा अपवाद, तो पुढे सांगतो), पिवळा म्हणजे लवकर दाखवा. हिरवा-निळा फक्त माहितीचा.

मराठवाड्यात सगळ्यात जास्त इंजिनं खातं ते तापमान. मे महिन्यात पारा 42-43 वर, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि चाळीसगावकडून कन्नडचा घाट खालच्या गिअरमध्ये चढायचा. काटा ‘एच’कडे सरकला किंवा थर्मामीटरचा लाल दिवा लागला, तर आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू करा. हीटर इंजिनची उष्णता आत ओढतो. गाडीत भाजून निघाल, पण बाजूला घेईपर्यंत इंजिन वाचतं. मग इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली 100 अंशांच्या वर असतं आणि झाकण सैल होताच उसळून थेट तोंडावर येतं. गार झाल्यावर कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीतली पातळी पाहा. कूलंट नसेल तर अडचणीला साधं पाणी चालेल, मात्र नंतर ते काढून कूलंट भरून घ्या. बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा तापते.

कूलंट पूर्ण वाहून गेलं, तर सेन्सर कोरडा पडून काटा खालीही येऊ शकतो. अशा वेळी ‘गार झाली वाटतं’ म्हणून लोक निघतात. तेवढ्या दोन किलोमीटरमध्ये इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकतं, गॅस्केट उडतं आणि शंभर-दोनशे रुपयांच्या पाइपाचं काम हजारोंवर जातं.

तेलाच्या झारीचा लाल दिवा याहून घाईचा. तो तेलाचा दाब पडल्याचं सांगतो. दाब नसेल तर बेअरिंग काही मिनिटांत जाम होतात. इंजिन लगेच बंद करा. सपाट जागेवर दहा मिनिटांनी तेल मोजायची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. तेल खालच्या खुणेखाली असेल तर त्याच ग्रेडचं थोडं थोडं भरा. दोन खुणांमधलं अंतर साधारण एक लिटरचं असतं. तेल बरोबर असूनही दिवा गेला नाही, तर गाडी चालवू नका, टोचन लावून न्या.

बॅटरीचा लाल दिवा चालताना लागला, तर बहुतेकदा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा गेलेला असतो. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप फिरवतो, म्हणून तापमानाकडेही बघा. तेही चढत असेल तर थांबाच. नसेल तर एसी, रेडिओ बंद करून जवळचं गॅरेज गाठा आणि वाटेत इंजिन बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही.

गोलातलं उद्गारचिन्ह लाल असेल तर आधी हँडब्रेक पूर्ण सोडलाय का ते पाहा. सोडूनही दिवा राहिला तर बहुधा ब्रेक ऑईल कमी आहे: गळती आहे, नाहीतर पॅड झिजलेत. नुसतं ऑईल भरून निघू नका. पेडल खाली जात असेल तर गाडी जागची हलवू नका. एबीएसचा एकटा पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक लागतात, पण जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात.

पिवळा इंजिनचा दिवा स्थिर असेल तर एक-दोन दिवसांत स्कॅनर लावून घ्या. तो लुकलुकत असेल आणि गाडी धक्के देत असेल तर इंजिन मिस होतंय, म्हणजे आत पेट्रोल नीट पेटत नाही. हे न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळतं. वेग कमी करा आणि जवळच्या गॅरेजवर थांबा.

टायरचा पिवळा दिवा समृद्धीवर लागला तर हळूहळू वेग कमी करत डाव्या कडेला या. हवा गार टायरमध्येच मोजा. धावून तापलेल्या टायरमध्ये 3-4 पीएसआय जास्त दिसते, ती काढून टाकली तर गार झाल्यावर टायर कमी हवेवर राहतो. कमी हवेचा टायर बाजूच्या भिंतीतून जास्त वाकतो, तापतो आणि उन्हात तोच फुटतो. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर मदतीला 1033.