खिडकीतल्या उजेडात फुलांचे क्लोजअप: या चुका टाळा

जास्वंद सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. फोटोसाठी हाताशी एवढाच वेळ, त्यातही खिडकीतला उजेड मनासारखा असतो तो दोन-तीन तास. माझी पहिली कित्येक फुलं वाया गेली आणि दर वेळी मी लेन्सला नावं ठेवली. खरं तर कॅमेऱ्याला हात न लावता फूल चार इंच सरकवलं असतं किंवा थोडं वळवलं असतं तरी निम्मे फोटो वाचले असते.

आधी घरातली ट्यूब आणि दिवे बंद करा. वाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो तो रंगांचा मेळ, एका वेळी एकाच उजेडाशी जुळतो. पिवळा बल्ब चालू असेल तर खिडकीकडची पाकळी निळसर आणि आतली पिवळट येते. पंखाही बंद. घाम आला तरी चालेल, पण झुळकेनं हलणारा देठ क्लोजअपमध्ये भूकंपासारखा दिसतो.

थेट ऊन नको. ग्रिलच्या सावल्या फुलावर पडतात आणि पाकळीची नाजूक घडी पांढऱ्या डागात जाते. धुतलेला पांढरा पंचा किंवा बटर पेपर खिडकीला लावला की काम होतं. रंगीत पडदा मात्र नको, त्याचा रंग मोगऱ्यावर उतरतो. ‘उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही’ हे वाक्य पुस्तकी आहे. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. शून्य सावलीचे, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो ते दोन दिवस या काळाच्या दोन टोकांना येतात. तेव्हा पंचा उत्तरेकडेही लागतो.

खिडकीकडे पाठ करून फोटो काढू नका. फूल सपाट दिसतं, वर तुमचीच सावली त्यावर पडते. उजेड बाजूने येऊ द्या आणि अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरा. फूल खिडकीच्या अगदी जवळ नेलं तर मागची भिंत आपोआप काळोखात जाते, काळं कापड लागत नाही. पण फुलाच्या दोन बाजूंतला फरकही वाढतो. मग पुठ्ठा आणखी जवळ घ्या.

आता सगळ्यात जास्त फोटो बिघडवणारी चूक. जास्वंदीच्या मधोमध बोटभर नळी बाहेर येते, तिच्यावर पिवळे पराग आणि टोकाला मखमली पाच ठिपके. समोरून फोटो काढला की ठिपके स्पष्ट येतात आणि पाकळ्या धूसर, किंवा नेमकं उलटं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ मॅक्रोत, म्हणजे फूल सेन्सरवर खऱ्या आकाराचं उमटतं तेव्हा, एफ/८ ला (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) जेमतेम एक मिलिमीटर स्पष्ट येतं, एफ/१६ ला दोन. छिद्र आणखी बंद केलं तर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच मऊ पडतं. त्यापेक्षा फूल वळवा. नळी सेन्सरला समांतर आली की परागांपासून टोकापर्यंत सगळं एका पातळीत येतं. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि फोकस स्क्रीनवर मोठं करून हातानं. ऑटोफोकस हमखास पुढच्या पाकळीच्या कडेला चिकटतो.

लाल फुलाचा लगदा होतो तो एक्स्पोजरमुळे. साधा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनेल, म्हणजे फक्त लाल रंगाचा आलेख, केव्हाच उजव्या भिंतीला टेकलेला असतो आणि पाकळीच्या शिरा पुसल्या जातात. तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावा, एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढा. मोगऱ्याला उलट औषध: कॅमेरा पांढऱ्याला राखाडी करतो, म्हणून तेवढंच वाढवा. आणि मोगऱ्याला बोट लावू नका, स्पर्शाची जागा तपकिरी पडते, देठ धरा.

फोनवाल्यांनो, फार जवळ जाऊ नका. बरेच फोन गुपचूप अल्ट्रावाइड या जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि फूल फुगतं. मागे सरका, २x झूम घ्या.

पाणी शिंपडायचंच असेल तर थोडं ग्लिसरीन मिसळा, थेंब लवकर वाळत नाही. पण थेंब निरखून पाहा: त्यात खिडकीची चौकट गजांसकट उमटलेली असते. पंचा लावला की तिथे नुसता पांढरा ठिपका उरतो.