जुन्या मिनीव्हॅनमधील चेक इंजिन दिव्याचे कारण घरी कसे शोधावे

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल आणि इंजिनचे तापमान व ऑइल प्रेशर ठीक असेल, तर गाडी सावकाश घरी आणता येते. दिवा लुकलुकत असेल, तर मात्र गाडी ताबडतोब बाजूला घेऊन बंद करावी, कारण तेव्हा सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जाऊन पेटते आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) निकामी होऊ शकतो.

डॅशबोर्डखाली, स्टीअरिंगजवळ १६ पिनांचा ओबीडी सॉकेट, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषांचे कोड वाचण्याची जागा, असतो. त्यात साधा स्कॅनर जोडून, चावी ऑन करून कोड वाचावा आणि त्यासोबतची फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोष नोंदला गेला त्या क्षणीचा वेग, आरपीएम व तापमान, लिहून घ्यावी. कोड पुसला की ही माहितीही जाते, म्हणून पुसण्याची घाई करू नये.

कोड लक्षण सांगतो, बिघडलेला भाग नव्हे. आणि माझ्या मते सर्वाधिक पैसा इथेच वाया जातो. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. पण हे कळवणारा ऑक्सिजन सेन्सरच अनेकजण बदलून टाकतात. त्याऐवजी स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा, पाहावा. आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) तो +२० टक्क्यांच्या आसपास असून २५०० आरपीएमला बराच उतरत असेल, तर व्हॅक्यूमची (इंजिनच्या शोषणाला जोडलेली) एखादी रबरी नळी बहुधा तडकलेली असते आणि तिथून जादा हवा आत जाते. नळ्यांची वाकलेली टोके बोटाने दाबून पाहावीत. जुने रबर तिथेच चिरते. उलट रेस दिल्यावर ट्रिम वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब आणि आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर तपासावा.

पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या (क्रमांक २) सिलिंडरमध्ये मिसिंग, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणे. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल, तर थंड व बंद इंजिनवर त्या सिलिंडरची कॉइल हाताला सहज येणाऱ्या वेगळ्या सिलिंडरवर, उदाहरणार्थ चौथ्यावर, लावावी आणि चौथ्याची क्रमांक २ वर. कोड पुसून गाडी चालवल्यावर पी ०३०४ (चौथ्या सिलिंडरचे मिसिंग) आला, तर दोष कॉइलचा. पी ०३०२ च राहिला, तर स्पार्क प्लग, नंतर इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन पाहावे. आडव्या बसवलेल्या व्ही-६ इंजिनाची सिलिंडरची मागची रांग इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला चिकटून असते. तिथे हात पोहोचत नसेल, तर जबरदस्तीने कनेक्टर ओढू नये, कारण जुने प्लास्टिक लगेच तुटते.

पी ०४५५, म्हणजे पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती, आल्यास आधी पेट्रोल टाकीच्या झाकणाची रबरी रिंग पाहावी. झाकण नीट बसवल्यावरही दिवा लगेच विझत नाही. त्याला काही फेऱ्या लागतात.