मंजुरीच्या अटी वाचायला शिका: नागपुरातून पर्यावरण धोरणाकडे

पर्यावरण धोरण हा विषय शिकायचा असेल तर दिल्ली किंवा परदेश गाठल्याशिवाय गत्यंतर नाही, असा समज आमच्याकडे बराच पसरलेला आहे. मी नागपुरात अर्थशास्त्रात एम. ए. केले आणि त्यानंतर येथेच राहून खाणी, वीज प्रकल्प आणि वनहक्क या विषयांवर संशोधन सहायक म्हणून काम करू लागले. नैसर्गिक संसाधनांच्या अभ्यासाला इतके सोयीचे शहर देशात क्वचितच सापडेल, असे माझे मत आहे. भारतीय खाण ब्युरो, कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मँगनीज काढणारी मॉयल या तिघांची मुख्यालये येथे आहेत. राज्याच्या वनविभागाचे मुख्यालय सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालयही त्याच भागात आहे, आणि १९५८ मध्ये स्थापन झालेली नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था वर्धा रोडकडे जाताना लागते. काढणारे, मोजणारे आणि परवानगी देणारे असे तिघेही एका शहरात असताना विद्यार्थ्याने वाचनालयातच बसून राहावे, याला काही अर्थ नाही.

सुरुवात कायद्यांपासून करावी, पण सगळे कायदे एकदम वाचू नयेत. १९७४ चा जल कायदा, १९८० चा वन संवर्धन कायदा, १९८१ चा हवा कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा यांची ओळख दोन आठवड्यांत होते आणि परीक्षेपुरती ती पुरतेही. प्रत्यक्ष कामात मात्र सर्वाधिक उपयोग होतो तो १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन (प्रकल्पाचे परिणाम आधीच तपासण्याच्या) अधिसूचनेचा आणि त्याखाली दिल्या गेलेल्या एखाद्या पर्यावरण मंजुरीच्या पत्राचा. हे पत्र कंटाळवाणे असते, त्यात अटींमागून अटी असतात, आणि नवखा वाचक दुसऱ्या पानावर ते बाजूला ठेवतो. परंतु कोणी काय करायचे मान्य केले आणि कोणत्या मुदतीत, हे लेखी सापडण्याची जागा तीच. मंजुरी मिळालेल्या प्रकल्पाने दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला अटींच्या पालनाचा सहामाही अहवाल द्यायचा असतो आणि तो जनतेसाठी खुला असतो. मंजुरीपत्र आणि लागोपाठचे दोन-तीन अहवाल शेजारी ठेवून वाचले की ‘कार्यवाही सुरू आहे’ हे एकच उत्तर वर्षानुवर्षे कसे पुढे सरकते, ते दिसू लागते.

नव्याने येणाऱ्यांना मी नेहमी एक काम सुचवते: आपल्या परिसरातील एक टन कोळसा घ्यावा आणि त्याचा कागदोपत्री पाठपुरावा करावा. उमरेड, कामठी किंवा सावनेर भागातील खाणीतून तो निघतो, तेव्हा त्याच्या किमतीच्या १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) राज्याला मिळते. खाण कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीनंतर या स्वामित्वधनाच्या प्रमाणात आणखी एक रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जाते. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांसाठी ती स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्या पट्ट्यांसाठी १० टक्के. हा पैसा खाणबाधित गावांसाठी आहे. तो कुठे खर्च झाला याच्या याद्या मागवून पाहाव्यात, कारण पिण्याचे पाणी आणि आरोग्य यांना प्राधान्य असताना यादीत रस्ते आणि सभागृहे किती आहेत, हे मोजायला अर्थशास्त्राची पदवीसुद्धा लागत नाही.

पुढे तोच कोळसा कोराडी किंवा खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या बॉयलरमध्ये जातो. देशी कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते, म्हणजे टनामागे तीनशे किलोहून अधिक राखड मागे उरते. ही राखड पाण्यात मिसळून नळावाटे बंधाऱ्यात सोडली जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या प्रकल्पाचा खसाळा येथील राखेचा बंधारा अतिवृष्टीत फुटला आणि राखड शेतांत व नाल्यांत पसरली. त्याच्या आधी काही महिनेच, ३१ डिसेंबर २०२१ रोजी, केंद्राने राखेबाबत नवी अधिसूचना काढली होती. तीत राखेच्या शंभर टक्के वापराचे बंधन आहे, जुन्या साठ्याच्या विल्हेवाटीसाठी दहा वर्षांची मुदत आहे आणि वापर न झालेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाईची तरतूद आहे. गंधकाच्या धुराची कथा वेगळी. डिसेंबर २०१५ मध्ये मानके ठरली, दोन वर्षांत ती गाठायची होती, मुदती पुनःपुन्हा वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य औष्णिक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांसाठी अट कायम आहे. कोराडीचे नागपूरपासूनचे अंतर नकाशावर मोजणे हा विद्यार्थ्यासाठी उत्तम गृहपाठ आहे, आणि अंतर शहराच्या हद्दीपासून धरायचे की मध्यापासून, हा प्रश्न त्यातच उपस्थित होतो.

प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी होणाऱ्या जनसुनावणीला एकदा तरी हजर राहावे. नियमानुसार किमान तीस दिवस आधी सूचना प्रसिद्ध व्हावी लागते, आघात मूल्यांकन अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असावा लागतो, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला अधिकारी अध्यक्षस्थानी असतो आणि आयोजन प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही आणि तेथे मतदानही होत नाही, ही गोष्ट अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. मे २०२३ मध्ये कोराडी येथील ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी अशी सुनावणी झाली, तिचे कागद अभ्यासासाठी घेता येतील. मंडपात उठलेले प्रश्न, इतिवृत्तात नोंदले गेलेले प्रश्न आणि अंतिम अहवालात उत्तर मिळालेले प्रश्न अशा तीन याद्या केल्या, तर एका शोधनिबंधाची सामग्री हाती येते. शहरातून गेलेले अभ्यासक एका गोष्टीवर हमखास नाक मुरडतात: गावकरी पर्यावरणाऐवजी नोकरीच मागतात, असे त्यांना वाटते. जमीन गेलेल्या माणसाने रोजगार मागणे हा संसाधनांच्या वाटणीचाच प्रश्न आहे, हे ज्याला कळत नाही त्याने या क्षेत्रात न आलेले बरे.

गावाकडून पाहायचे असेल तर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) टाळून चालणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. हक्क मिळूनही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गावाला झगडावे लागले आणि एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक पासांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. कायदा आणि परवाना यांच्यामधले हे अंतर ज्याने समजून घेतले, त्याला आफ्रिकेतील किंवा लॅटिन अमेरिकेतील संसाधनविषयक लेखन वाचताना फारसे परके वाटत नाही.

हवामान उत्तरदायित्वाचा आंतरराष्ट्रीय भाग मी मुद्दाम उशिरा सांगत आहे. १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल आराखडा करारातील ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे तत्त्व, २०१५ चा पॅरिस करार, २०२२ मध्ये शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत मान्य झालेला, हवामान बदलाचा फटका बसलेल्या देशांसाठीचा हानी व नुकसान निधी आणि २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत ठरलेले, विकसनशील देशांसाठी २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलर हवामान निधीचे उद्दिष्ट, हे सर्व वाचावेच लागते. भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे आणि म्हणून श्रीमंत देशांकडे हिशेब मागण्याचा आपला अधिकार खराच आहे. मात्र ज्यांनी कमी वापरले त्यांनीच अधिक सोसावे हा अन्याय असेल, तर तो देशाच्या सीमेपाशी थांबत नाही. विदर्भात जळलेल्या कोळशाची वीज मुंबई-पुण्याकडे जाते आणि राखड येथेच राहते. दोन्ही हिशेब मागण्याची तयारी नसेल तर विकसनशील देशांची बाजू मांडताना आवाज पोकळ वाटतो. एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला सर्वोच्च न्यायालयाचा माळढोक प्रकरणातील, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क मान्य करणारा निकाल आणि देशांच्या हवामानविषयक जबाबदाऱ्यांवरील जुलै २०२५ मधील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे सल्लागार मत ही दोन्ही मुळातून वाचावीत. त्या सल्लागार मताची मोहीम २०१९ मध्ये पॅसिफिक बेटांवरील कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केली होती, हे आपल्या विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावे.

आकड्यांबाबत सावध राहावे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान नोंदवले, बातमी देशभर गेली आणि नंतर संवेदक बिघडल्याचे हवामान विभागाने सांगितले. ऊन खरेच भयंकर होते, पण तो आकडा आजही काही प्रबंधांत सापडतो.

पदवी कोणती असावी, याची फार चिंता करू नये. कायदा, भूशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य यांपैकी कोणत्याही वाटेने येता येते. पगार सुरुवातीला बेताचा असतो आणि प्रकल्प संपला की नोकरीही संपते, त्यामुळे घरच्यांशी आधीच स्पष्ट बोलून ठेवावे. मराठीत नेमके लिहिता येणे ही मोठी जमेची बाजू आहे, कारण ग्रामसभेचा ठराव, सातबारा आणि इतिवृत्त मराठीत असते, तर मंजुरीपत्र आणि तांत्रिक अहवाल इंग्रजीत. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला तीस दिवस लागतात. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील करण्याची मुदतही तीसच दिवसांची आहे, पुरेसे कारण दाखवल्यास फार तर आणखी साठ. त्यामुळे मंजुरी निघाल्यावर माहिती मागवू असे म्हणणाऱ्याच्या हाती कागद येईपर्यंत मूळ मुदत उलटलेली असते, आणि म्हणूनच अर्ज सुनावणीची सूचना निघाल्याच्या आठवड्यातच टाकावा.