मित्राच्या वाढदिवसाची भेट: दुकानात शिरण्याआधीची तयारी

मित्राला थेट "काय हवंय?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: "काही नको रे, तू ये म्हणजे झालं." पुरुष मंडळी आपल्याला काय हवंय ते सांगत नाहीत, कुरकुर मात्र भरपूर करतात. तयारीची सुरुवात त्या कुरकुरीपासून करायची. वाढदिवसाच्या पंधरा-वीस दिवस आधीपासून कान उघडे ठेवा. "चार्जिंग दुपारपर्यंतच टिकतं", "पावसात सॅक आतून भिजते", "मागच्या ट्रेकला बॅटरीने ऐन वेळी दगा दिला", अशी वाक्यं मोबाईलमध्ये टिपून ठेवा. मग त्याच्या वस्तूंकडे एकदा नीट बघा. चष्म्याच्या घराचं झाकण रबरबँडने बांधलंय का? पाकिटाची शिवण उसवलीय का? डब्याची पिशवी अजूनही कुठल्यातरी कॉन्फरन्सला फुकट मिळालेलीच वापरतोय का? घराचा हप्ता, मुलांची फी, गाडीचं सर्व्हिसिंग हे सगळं उरकल्यावर त्याचा स्वतःचा नंबर येतो, आणि तेव्हा "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून तो वस्तू पुढे ढकलतो. ती पुढे ढकललेली वस्तू सापडली की निम्मं काम झालं.

वस्तू मनात भरण्याआधी रक्कम ठरवा. तुमच्या वाढदिवसाला त्याने साधारण काय दिलं होतं ते आठवा आणि त्याच्या आसपास राहा. फार महागडी भेट दिली की तो खूश होण्याऐवजी परतफेडीच्या हिशोबाला लागतो. (नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रोख भेट 50,000 रुपयांच्या पुढे गेली तर प्राप्तिकर खातं ती सगळी रक्कम उत्पन्नात धरतं. आपल्या मित्रमंडळात ही वेळ येण्याची शक्यता कमीच!) वर्गणी काढून एकच मोठी वस्तू द्यायची असेल तर जमवणारा एक, निवडणारा एक. आठ जणांनी आठ लिंका टाकल्या की शेवटी घाईघाईत भिंतीवरचं घड्याळ येतं. त्याला वगळून जो व्हॉट्सअॅप ग्रुप काढाल, त्याचं नाव नेहमीच्या ग्रुपपेक्षा अगदी वेगळं ठेवा. कारण सांगायला नको.

तुम्ही त्याची मैत्रीण असाल आणि त्याचं लग्न झालेलं असेल, तर एक साधी कसोटी लावा: वस्तू घरी सगळ्यांसमोर उघडता आली पाहिजे. अत्तर-परफ्यूम, शर्ट या अंगालगतच्या गोष्टी जुन्या मैत्रीत खपून जातात, नव्या ओळखीत नाही. ऑफिसातला मित्र असेल तर पुस्तक, पेन, चांगली कॉफी इथवरच थांबावं. बाटली द्यायचा विचार असेल तर घरात वडीलधारे कोण आहेत ते आठवा. शिवाय महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकसाठी कायद्याने वय 25 पूर्ण लागतं आणि परवानाही लागतो.

कपडे किंवा चामड्याची वस्तू घेणार असाल तर माप अंदाजाने घेऊ नका. तो भरल्यासारखा वाटतो म्हणून 42 चा शर्ट उचलला जातो आणि तो निघतो 40 चा. वहिनींना फोन करा, तो आई-वडिलांकडे राहत असेल तर काकूंना. शर्टाच्या कॉलरच्या आतलं लेबल बघून आकडा कळवायला सांगा, आणि एक नाही, दोन शर्टांची लेबलं बघायला सांगा, कारण दोन कंपन्यांची मापं जुळत नाहीत. पट्ट्याच्या बाबतीत पँटचा नंबर सांगून भागत नाही. जुना पट्टा सरळ पसरायचा आणि बक्कल जिथे चामड्याला जोडलेलं आहे तिथपासून तो रोज ज्या भोकात अडकवतो तिथपर्यंत मोजायचं. ते खरं माप. बूट देऊच नका. ट्रेकचे तर मुळीच नाही, ते त्याने स्वतः पायात घालून, दुकानात चार पावलं चालून घ्यायचे असतात. पाकीट दिलंत तर आत अकरा रुपये ठेवा. रिकामं पाकीट देत नाहीत, हे काकू नक्की बोलून दाखवतील.

आता खरेदीचा फेरा. पुण्यात एक सोय अशी की पेठांमध्ये गल्लीगणिक माल वाटलेला आहे, त्यामुळे मित्र कसा आहे यावर कुठे जायचं ते ठरतं. पुस्तकवाला असेल तर अप्पा बळवंत चौक. पण ते पुस्तक त्याच्याकडे आधीच असण्याची शक्यता गृहीत धरा. दुकानदाराला बदलून देणार का विचारा, आणि पहिल्या पानावर शाईने "प्रिय मित्रास" लिहिण्याऐवजी वेगळी चिठ्ठी आत ठेवा. पेनाचंही तेच, नाव कोरून घेतलं की बदलायची वाट बंद. शाईचं पेन घेताना निब कागदावर चालवून बघा. बारीक अक्षर काढणाऱ्याला जाड निब म्हणजे शिक्षा. घरातला नळ आणि मिक्सर स्वतः दुरुस्त करणाऱ्या मित्रासाठी बोहरी आळीइतकी दुसरी चांगली जागा नाही. चांगल्या पोलादाचा पान्ह्यांचा किंवा स्क्रूड्रायव्हरचा संच घेऊन गेलात तर केक कापायचा सोडून तो खुर्च्यांचे स्क्रू आवळत बसेल. इलेक्ट्रॉनिक्ससाठी तपकीर गल्ली आहे, मात्र तिथे पक्कं बिल आणि वॉरंटी कार्डावर शिक्का घेतल्याशिवाय हलायचं नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तांब्याची बाटली किंवा तांब्या-भांडं ऑनलाइनही मिळतं, पण हातोडीचे ठोके मारून केलेलं मठारकाम हातात धरल्यावर फरक कळतो. बाटली घेतलीत तर तिथेच पाणी भरून, झाकण लावून ती उलटी धरा आणि मिनिटभर थांबा. झाकणाच्या रिंगमधून थेंब आला तर दुसरी मागा. सोबत दोन ओळी लिहून द्या: यात पाणीच भरायचं, ताक किंवा लिंबू सरबत नाही, कारण आंबट पदार्थ तांब्याशी धरतो. काळवंडली तर चिंच किंवा लिंबू-मीठ लावून घासायची.

डोंगरात भटकणाऱ्याला हेडटॉर्च द्या. सिंहगड रात्री चढायला 200 ल्युमेनच्या आसपासचा उजेड पुरतो, हजाराचे आकडे बघून भुलू नका. तो दोन-दोन दिवस राजगड-तोरण्याच्या वाटेवर असतो का, हे महत्त्वाचं. असेल तर सेल बदलता येणारा घ्या आणि जादा सेलही द्या, चार्जिंगचा घेतलात तर पॉवर बँक सोबत वागवावी लागते. लाल दिव्याची सोय असेल तर उत्तम, तंबूत बाकीच्यांच्या डोळ्यांवर उजेड मारला जात नाही. ट्रेक नसेल तेव्हा सेल काढून ठेवायला सांगा, नाहीतर ते आत पाझरून टॉर्च वाया जातो.

ज्याच्याकडे सगळं आहे त्याला संध्याकाळ द्या. बालगंधर्व किंवा कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहातल्या प्रयोगाची दोन तिकिटं, तारीख वहिनींना विचारूनच. वाढदिवस डिसेंबरात येत असेल आणि गाण्याची आवड असेल तर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं तिकीट काढा. पंडित भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत टाळणारे पुणेकर पुष्कळ आहेत.

काय नको, हे फार लांबवत नाही. फोटोचा मग, शोपीस, तिसरी गणपतीची मूर्ती, वजनकाटा आणि "यशस्वी कसे व्हाल" छापाचं पुस्तक. शेवटच्या दोन गोष्टींमधून भेट कमी आणि टोमणा जास्त पोचतो. दुकानाचं व्हाउचर चालेल, पण त्याची मुदत वाचा आणि ते दुकान त्याच्या घराजवळ आहे का बघा. वाघोलीच्या माणसाला कर्वेनगरचं व्हाउचर म्हणजे अर्धा दिवस गेला.

खरेदीला चारचाकी काढू नका. 2024 मध्ये मंडईचं मेट्रो स्टेशन सुरू झाल्यापासून पेठांत पार्किंग शोधत फिरायचं कारण उरलेलं नाही. दुपारी एक ते चार ही वेळ टाळा आणि आठवड्याची सुट्टी कधी ते फोनवर विचारून घ्या.

आदल्या दिवशी कॅलेंडर उघडा. संकष्टी किंवा एकादशी असेल आणि घरात उपास असतील तर केकचं काय ते आधी ठरवा, संकष्टीला चंद्रोदयानंतरची वेळ धरा. केक बिनअंड्याचा हवा का, तेही विचारा. मग किमतीचं स्टिकर. नखाने ओरबाडलं की निम्मं चिकटून राहतं आणि नेमका आकडाच वाचता येतो. प्लास्टिक किंवा धातूवर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, सहज निघतं. पुस्तकावर तेल चालत नाही, तिथे हेअर ड्रायरची गरम हवा द्यायची आणि कोपऱ्यापासून हळूहळू सोलायचं. बिल मात्र फेकू नका, पाकिटात घालून वहिनींकडे द्या आणि किती दिवसांत बदलून मिळतं ते त्यावर लिहा. निघण्याआधी फोन करा. सोसायटीच्या गेटवर नाव-नंबर सांगून आत शिरेपर्यंत तुम्ही येत असल्याचं त्याला कळलेलं असतंच, तेव्हा सरप्राइजच्या भानगडीत न पडता जेवणाच्या वेळेआधी पोचा.