सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ आलं? बायकांनी पुढे काय करावं

कपाटातली जुनी सोनोग्राफीची फाइल काढा. पित्ताशयातल्या खड्यांसाठी, पाळीच्या तक्रारीसाठी नाहीतर गर्भाशयाच्या गाठीसाठी केलेली असेल. रिपोर्टमध्ये ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ अशी एक ओळ बऱ्याच जणींना सापडेल. ज्यासाठी सोनोग्राफी केली त्यावर उपचार झाले आणि ती ओळ तशीच राहिली. “आजकाल सगळ्यांनाच असतं,” असं कुणीतरी म्हणालं आणि फाइल परत कपाटात गेली. त्या ओळीचं काय करायचं, ते इथे क्रमाने सांगते.

यकृतात ५ टक्क्यांहून जास्त चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. ते दुखत नाही, म्हणून कळत नाही. काही जणींत या चरबीने यकृताला सूज येते, सुजेतून फायब्रोसिस म्हणजे व्रणांचे धागे तयार होतात आणि ते वाढत गेले की सिरॉसिस होतो, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होत जातं. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या बाईलाही सिरॉसिस होऊ शकतो. घरच्यांना हे पटायला वेळ लागतो आणि त्यात उपचारांचा वेळ जातो.

पायरी १ : काट्याआधी टेप घ्या

शिवणाची टेप पुरे. सरळ उभं राहा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप लावा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका. भारतीय बायकांसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. परकराची नाडी आणि सलवारीचं इलॅस्टिक आपल्याबरोबर सैल होत जातं, त्यामुळे कपड्यांवरून अंदाज बांधू नका.

वजनापेक्षा कमरेवर भर का? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीएमआयने (उंचीच्या मानाने वजन) पाहिलं तर जादा वजनाचं प्रमाण स्त्री-पुरुषांत जवळजवळ सारखं, चौघांत एक. पोटाचा घेर मोजला तेव्हा मात्र बायकांत ४० टक्के आणि पुरुषांत १२ टक्के. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक कित्येक वर्षं हेच सांगत आले आहेत : भारतीय शरीर बारीक दिसतं, पण आत चरबी धरून ठेवतं. २००४ मध्ये त्यांनी आपला आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांची २१.२. पोटातल्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं रक्तावाटे थेट यकृतात जातात. मांड्यांवरच्या चरबीचं तसं नसतं.

पाळी सुरू असेपर्यंत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक चरबी मांड्या-नितंबांकडे वळवतं. पाळी गेली की ती पोटावर येते आणि यकृताला मिळणारं संरक्षण ओसरतं. म्हणून पंचेचाळिशीनंतर वजन तेवढंच असूनही कंबर वाढली, तर ती गोष्ट गंभीरपणे घ्या. पीसीओडी, मधुमेह किंवा गरोदरपणात वाढलेली साखर यांपैकी काही असेल, तर पंचेचाळिशीची वाट पाहू नका.

पायरी २ : रक्ताच्या रिपोर्टवरून एक हिशोब करा

सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ चरबी किती ते सांगतो, व्रण किती ते नाही. त्यासाठी ‘फिब-४’ नावाचा हिशोब आहे. लागतं काय, तर वय, एसजीओटी आणि एसजीपीटी (रिपोर्टवर एएसटी आणि एएलटी असंही लिहितात, यकृताच्या तपासणीतले दोन आकडे) आणि प्लेटलेट्स. वयाला एसजीओटीने गुणा. प्लेटलेट्सच्या आकड्याला (१.९ लाख असतील तर १९० धरा) एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा.

समजा वय ५२, एसजीओटी ३८, एसजीपीटी ३६, प्लेटलेट्स १.९ लाख. ५२ × ३८ = १९७६. ३६ चं वर्गमूळ ६, म्हणून १९० × ६ = ११४०. उत्तर १.७३.

१.३ च्या खाली असेल तर मोठ्या व्रणांची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांना गाठा. मधलं उत्तर आलं तर डॉक्टरांशी बोलून फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करून घ्या. त्यात सुई नाही, दुखत नाही. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात, आणि पस्तिशीच्या आत हा हिशोब फारसा भरवशाचा नाही.

वरच्या उदाहरणातले तिन्ही आकडे बहुतेक लॅबच्या कागदावर ‘नॉर्मल’ दिसतील. बायकांसाठी एसजीपीटीची वरची मर्यादा २५ च्या आसपास धरावी, असं यकृततज्ज्ञ सांगतात. लॅबच्या कागदावर पुष्कळदा ४० किंवा त्याहून जास्त छापलेली असते. याच वेळी साखर, एचबीए१सी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि रक्तदाबही बघून घ्या, कारण फॅटी लिव्हर असलेल्यांना सगळ्यात मोठा धोका हृदयविकाराचा असतो.

पायरी ३ : ताट बदला, उपवासाचंसुद्धा

सुरुवात चहापासून करा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात शक्यतो साधारण सहाच्या आत राहा म्हणते, आणि त्यात बिस्किटं, सरबत, मिठाई सगळं आलं. साखरेतल्या फ्रुक्टोजचा बराचसा भाग यकृतातच जातो आणि जास्त झालं की तिथेच त्याची चरबी बनते. गूळ घातला म्हणून यात फरक पडत नाही. बिनसाखरेची कॉफी मात्र यकृताला चांगली दिसते.

दुसरी गोष्ट उपवास. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र : आपल्याकडे बाईच्या वाट्याला किती उपवास येतात! श्रद्धा ठेवा, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप, बटाटा, वर वेफर्स. त्याऐवजी थोडी भगर, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक घ्या.

रोजच्या ताटात उसळ, डाळ, अंडं किंवा मासे यांतलं काहीतरी दोन्ही वेळेला हवंच. पोळी-भात कमी करून ती जागा भाजीला द्या. आणि उरलेलं ‘वाया जाऊ नये’ म्हणून आपल्या पोटात ढकलणं थांबवा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण ते कधी कुणी सांगितलेलं नसतं, आपण आईला बघून शिकलेलो असतो.

पायरी ४ : चाला आणि थोडी ताकद कमवा

घरकाम म्हणजे व्यायाम झाला, असं धरू नका. दम किंचित लागेल असं चालणं, आठवड्यातून १५० मिनिटं. शिवाय दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात लावून जोर. वजन हललं नाही तरी व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते. सकाळचा अर्धा तास मिळत नसेल, तर तेवढ्या वेळाचं डब्याचं काम घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या.

पायरी ५ : वजन हळूहळू उतरवा

७० किलो वजन असेल तर साडेतीन किलो उतरले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते, पाचेक किलोंनी सूज उतरते, सात किलो उतरले तर व्रणही मागे हटू शकतात. आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झालं. फार झपाट्याने वजन उतरवलं तर पित्ताचे खडे होतात आणि यकृतावर ताण येतो. वजन बेताचं असूनही कंबर जास्त असेल, तर तीन-चार किलोसुद्धा पुरतात.

वजन घटवण्याच्या कॅप्सूल, ग्रीन टीचा अर्क, गार्सिनिया (आपल्या कोकमाच्या कुळातलं फळ) यांपासून लांब राहा, या अर्कांनी यकृत खराब झाल्याच्या नोंदी आहेत. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली होती. ‘नैसर्गिक’ लिहिलंय म्हणून कुठलाही काढा रोज घेऊ नका. घेत असाल तर डॉक्टरांना बाटली दाखवा. दारू बंदच बरी, बायकांच्या यकृताला ती कमी प्रमाणातही बाधते.

डोळे पिवळे होणं, पोट पाण्याने फुगणं, पायांवर सूज, डांबरासारखी काळी शौच, रक्ताची उलटी : यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयात जा.

एरवी महिन्याला एकदा, ठरलेल्या तारखेला, सकाळी कंबर मोजा आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आकडा लिहा. फिब-४ कमी आला असेल तर तो हिशोब दोन-तीन वर्षांनी पुन्हा करा. मधुमेह असेल तर वर्ष-दोन वर्षांतच.